शाईत काढलेली नदी

२१ ऑक्टोबर २०२०, बुधवार. पोर्टलीश, आयर्लंड

आजपासून परत लॉकडाउन, परत पाच किलोमीटर. घरापासून पाच, त्यापुढे नाही.

दुपारी नकाशावर वर्तुळ काढून पाहिलं. आत येतात: आमची वसाहत, सुपरमार्केट, ट्रायोगचा ओढा, हीथच्या माळाचा अलीकडचा तुकडा. डुनामेसचा पडका किल्ला थोडक्यात बाहेर. अभय म्हणाला, "कोण मोजतंय?" मी मोजतेय.

पुण्याला फोन केला. बाबा चक्क खूष. "म्हणजे आपलं काम परत सुरू."

काम म्हणजे लोत नदी. जूनमध्ये मी आणि अभय दक्षिण फ्रान्सला जाणार होतो, लोतच्या खोऱ्यातून सायकलने, डोंगरातल्या माँद गावापासून ती गारोनला मिळते तिथपर्यंत. व्हिसा आला, सायकलीच्या पिशव्या आल्या, बाबांना मोठा नकाशा पाठवला. मग सगळंच रद्द. तेव्हा बाबाच म्हणाले होते, "तू रद्द झालीस, नदी थोडीच झाली? तू तिथल्या तिथे चालव, रोजचे किलोमीटर मला सांग. मी इथे तुला नदीकाठानं पुढे सरकवतो." उन्हाळ्यात जरा फिरायची मुभा मिळाली आणि ते मागे पडलं. माँदच्या पुढे जेमतेम दोन बोटं, तिथेच मी उभी आहे.

"पेन्सिलीतच घेतो," म्हणाले. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात आरेखक होते. जे जाऊन मोजलं ते शाईत, जे नुसतं ठरवलं ते पेन्सिलीत. माझ्या लग्नाची पाहुण्यांची यादीसुद्धा पेन्सिलीत होती. माणूस कार्यालयाच्या दारात दिसला की नाव शाईत.

२५ ऑक्टो., रवि.

दसरा. आपट्याची पानं नाहीत, लेकीने, इराने, कुंपणावरच्या बीचची आणली. चालतं.

पावसात १९ कि.मी. त्याच रस्त्याच्या फेऱ्या. चौथ्या फेरीला शेजारची ब्रीडा फाटकाशी उभी. पंच्याहत्तरीची आहे, एकटी राहते, दोन मीटर अंतर ठेवून गप्पा मारते. म्हणाली, "रस्त्याला चर पाडणार आहेस का गं?" फ्रान्सला चाललेय म्हटलं. "ग्रँड," म्हणाली, "येताना थोडं ऊन आण."

फोन रोजच्या वेळेला. इथला तीनचा चहा, तिकडे रात्रीचं जेवण. बाबांनी एकोणीस किलोमीटर ऐकले, पट्टीने मोजलं असावं, आणि म्हणाले, "उद्या घाट उतरशील. ब्रेक बघून घे." बरं वाटलं. गुडघा दुखतोय.

१४ नोव्हें., शनि.

लक्ष्मीपूजन. चकल्या तेलात विरघळल्या.

बाबांना आता नुसते किलोमीटर पुरत नाहीत. पाण्याचा रंग कसा, काठावर झाडं कोणती, दगड कुठला. मी आदल्या दिवशी वाचून ठेवते, फोटो बघते. आज एस्पालियोंचा जुना लाल दगडी पूल सांगितला. त्यांना फार आवडला. मग विचारलं, "वरच्या बाजूला बंधारा असेल. दारं किती?"

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "सात."

का म्हटलं? "माहीत नाही" म्हणता आलं असतं. त्यांचा आवाज उत्सुक होता आणि मला आत्ताच्या आत्ता त्याला काहीतरी द्यावंसं वाटलं. नंतर तासभर शोधलं, काही सापडलं नाही. उद्या सांगेन की चुकून बोलले.

१५ नोव्हें., रवि.

सांगितलं नाही. त्यांनी विचारलंच नाही. हे कारण नव्हे, माहीत आहे.

३ डिसें., गुरु.

फोनवर बोलत असताना इरा प्रेसमधून, म्हणजे इथल्या भाषेत कपाटातून, कप काढायला आली. माझ्यासमोर लॅपटॉपवर आन्त्राईगचे फोटो उघडे, आणि मी बाबांना सांगतेय की इथे दोन नद्या मिळतात तिथे पाणी दोन रंगांचं दिसतं. फोन ठेवल्यावर म्हणाली, "मॅम, यू सेड 'मी बघतेय'. यू वेअरंट बघतेय."

चौदा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, हवं तेवढंच बोलते.

खेळ आहे गं, म्हटलं. आजोबांनाही माहीत आहे.

"डझ ही, दो?"

३१ डिसें., गुरु.

मध्ये थोडे दिवस ढील होती, आता परत पाच. वर्षाचा शेवट वर्तुळात.

हीथच्या रस्त्यावर गार्डाने, म्हणजे इथल्या पोलिसाने, अडवलं. पोरगेला, नाक लाल. कुठे निघालात? माझ्या तोंडात अगदी जिभेवर लोतवरचं पुढचं गाव, 'काओर', होतं. म्हटलं, कुठेच नाही, व्यायाम. घर किती लांब? चार किलोमीटर सहाशे मीटर. तो हसला. "यू हॅव इट वेल मेझर्ड."

परतताना वारं तोंडावर. गार्डाला सहाशे मीटरही खरे सांगितले, आणि दुपारी बाबांना सांगितलं की काजार्कमध्ये आज बाजार भरला होता.

१६ जाने. २०२१, शनि.

बाबांना बरेच दिवस नुसतं ऐकत होते. आज आईने व्हिडिओ लावला आणि कॅमेरा टेबलाकडे वळवला. "बघ गं तुझी नदी."

नकाशावर ट्रेसिंग पेपर, चारी कोपरे टेपने चिकटवलेले. लोत काळ्या शाईत. एकसारख्या जाडीची रेघ, प्रवाहाचा बाण, गावांना बारीक वर्तुळं, प्रत्येक वर्तुळाशी तारीख. एस्पालियोंपाशी त्यांच्या सरळ उभ्या अक्षरात: दारे ७. खाली कोपऱ्यात चौकट. प्रत्यक्ष पाहणी: कु. वसुधा.

मी पंचेचाळीस वर्षांची आहे. 'कु.' बघून आधी हसू आलं. मग शाई लक्षात आली.

१७ जाने., रवि.

आईला वेगळा फोन केला. तिला सांगावं लागलं नाही, तिला माहीत होतं. दिवाळीनंतर कधीतरी शाईची बाटली काढली म्हणे. खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकांना सांगतात, आमची वसू फ्रान्समध्ये नदीची पाहणी करतेय. सकाळी गोळी घेतली की नाही आठवत नाही. दोनदा आंघोळीला जातात. "पण तुझा फोन येतो ना, त्या अर्ध्या तासात हे पहिल्यासारखे असतात. चष्मा पुसतात, टाक धुतात, मला म्हणतात टेबलाला धक्का लावू नको. तू काही बोलू नकोस हं वसू."

मी म्हटलं, आई, हे खोटं आहे.

"मग असू दे की. माझा अर्धा तास आहे तो."

तिचा. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

२ फेब्रु., मंगळ.

सेंट ब्रिजिडचा दिवस काल होऊन गेला. इथे म्हणतात वसंत आला. आला नाही. २२ कि.मी., बोटं बधिर.

बाबांनी आज किलोमीटर लिहून घेतले. मग म्हणाले, "घरी कधी पोचणार?"

"कोणाच्या घरी, बाबा?"

"तुझ्या. किती महिने झाले. अभय काय खातो? पोरीकडे कोण बघतं?"

मी म्हटलं, सगळं ठीक आहे.

"ठीक कसं असेल? मी साईटवर गेलो तरी शनिवारी घरी यायचो." हे खरं आहे. यायचे. चिखलाच्या बुटांनी, दारातच बूट काढून.

१० फेब्रु., बुध.

अभयशी बोलले. तो म्हणतो पटकन नदी संपव, गारोनला पोच, घरी ये, विषय मिटला. हिशेबात बसतं. म्हणजे उरलेले दीडशे किलोमीटर मी एका आठवड्यात मारल्याचं सांगायचं. आधीचे निदान पायाने चालवलेले होते.

"तुझ्या तत्त्वाचा प्रश्न आहे की बाबांचा?" त्याने विचारलं. वाईट हेतूने नाही. मी पॅडलला तेल घातलं.

७ मार्च, रवि.

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

बाबांनी फोनवर इराला मागितलं. मी ओट्याशी उभी. तिने स्पीकर लावला.

"तुझी आई आली का गं घरी?"

इराने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नको सांगू. हे मी केलं. मीच.

"नाही, आजोबा," ती म्हणाली. मराठीत, नीट.

"रडतेस का?"

"नाही."

"शहाणी आहेस. मी सांगतो तिला परत यायला. कामापुढे तिला काही दिसत नाही. माझ्यावर गेलीय."

फोन ठेवल्यावर ती वर गेली. जिन्यातून म्हणाली, "आयम नॉट डूइंग दॅट अगेन. यू वेअर स्टँडिंग राइट देअर."

२० कि.मी. ठरले होते. गेले नाही.

१३ एप्रिल, मंगळ.

पाडवा. कालपासून जिल्हाभर फिरायला मोकळीक. पुण्यात उलट सगळं बंद होत चाललंय. आई-बाबा दाराबाहेर पडत नाहीत, जोशीकाकू भाजी दाराशी ठेवून बेल वाजवतात. तिकडे जाणं तर सोडाच.

सांगितलं. आईला आधी कळवलं नाही, ती नको म्हणाली असती. हेही लिहून ठेवते.

"बाबा, मी फ्रान्सला गेलेच नाही. मी घरीच आहे. वर्षभर घराभोवती फेऱ्या मारतेय. आठवतं का, तुम्हीच म्हणाला होता, मी इथे तुला पुढे सरकवतो?"

पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज.

"मग एस्पालियोंचा पूल?"

"फोटो पाहिला."

"दारं सात?"

"ते… माझ्या मनाचं, बाबा."

"मनाचं?" हा आवाज मी लहानपणी ऐकलाय, हाताखालच्या माणसाची चूक सापडल्यावरचा. "साहेबांनी विचारलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं? मनाचे आकडे शाईत?"

सॉरी म्हटलं. 'सॉरी बाबा' नुसतंच, शाळेतल्यासारखं.

"बरं," म्हणाले. "इरा घरी एकटी नव्हती ना?"

"नव्हती. मी इथेच होते."

"मग झालं." आणि मग, "शाई रबराने जात नाही. ब्लेड लागेल."

१६ एप्रिल, शुक्र.

आई बोलायला तयार नाही. दोन वाक्यं: "ब्लेड घेऊन बसलेत सकाळपासून. तूच बघ आता काय ते."

मला ते चित्र पाठ आहे. लहानपणी त्यांच्या टेबलाशेजारी उभं राहून पाहिलंय. ब्लेड आडवं धरायचं, श्वास रोखायचा, शाईचा पापुद्रा तेवढा उचलायचा, कागदाला कळू द्यायचं नाही. मग नखाने घासून ती जागा गुळगुळीत करायची. तेव्हा त्यांचा हात कापत नव्हता.

१९ एप्रिल, सोम.

बाबांच्या दोन बोटांना बँडेड. माँदपासून काजार्कपर्यंत नदी गेली. 'दारे ७'च्या जागी कागदाला भोक पडलंय.

मी बरोबर केलं असं मला अजून वाटतं. वाटतं म्हणून बरं वाटत नाही.

२७ एप्रिल, मंगळ.

आज बाबांनी स्वतः फोन केला. तावातावाने. "वसू, माझ्या नकाशाची कुणीतरी वाट लावली. अर्धी नदी खरवडून टाकलीय. तुझ्या आईचं काम दिसतंय."

मागून आई: "हो, मीच! घरात दुसरं काम कुठेय मला! झाडून झालं की नद्या खरवडते!"

बाबा: "बघ. कबूल करतेय."

मला हसू आलं. आईलाही आलं असावं, कारण ती एकदम गप्प झाली. की रडत होती? आवाजावरून कळलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "ते जाऊ दे. तू कुठवर आलीस?"

दोन आठवड्यांपूर्वीचं सगळं पुसलेलं. आता ते पुन्हा सांगू? दर पंधरा दिवसांनी सांगू?

"जरा थांबलेय, बाबा," म्हटलं.

"थांब थांब. दमली असशील."

८ मे, शनि.

सायकल शेडमध्ये. फोन रोज. हवामान, आमटी, लस. किलोमीटर विचारतात, मी नाही म्हणते. "आजही नाही?" आई म्हणते हल्ली टेबलाशी बसत नाहीत, खुर्चीत बसून टीव्हीकडे बघतात, टीव्ही बंद असतो. तिने मला बोल लावला नाही. लावला असता तर सोपं गेलं असतं.

१५ मे, शनि.

गेल्या सोमवारपासून जिल्ह्याबाहेर जाता येतं. सकाळी सायकल गाडीला बांधून अथायला गेले. तिथून बॅरो नदीच्या काठाने खाली, गवतातल्या वाटेने. पूर्वी घोडे होड्या ओढायचे ती वाट. कागदोपत्री सरळ, प्रत्यक्षात मांड्या भरून येतात. पाणी चहासारखं तपकिरी. बगळा. एका माणसाने गळ टाकलेला, मान हलवली.

होड्या चढवायच्या-उतरवायच्या हौदाशी थांबले. हात लावून दारं मोजली. वरच्या अंगाला दोन, खालच्या अंगाला दोन. चार. लाकडी, काळी, फटींतून पाणी झिरपतं. पुन्हा मोजली. वेड्यासारखी दोनदा.

तिथूनच फोन लावला. पायऱ्यांवर बसून.

"बाबा, मी नदीवर आहे. खरी. बॅरो नावाची, आयर्लंडमधली. बघा." कॅमेरा फिरवला.

पुढे वाकले. चष्मा काढला, पुसला, घातला.

"दारं किती?"

"चार. हात लावून मोजली."

"पाण्याच्या पातळीतला फरक?"

"माझ्या सायकलच्या उंचीहून थोडा जास्त."

"अंदाज आहे. चालेल." आईला हाक मारली, कागद आण. कागद आला, मग पट्टी. मी वाट बघत बसले. त्यांनी हातात पेन्सिल घेतली.

"बाबा, हे मोजलंय. शाईत घ्या ना."

"नको," म्हणाले. "हल्ली आकडे मनाचे येतात. कोणीतरी तपासल्याशिवाय नको."

"कोण तपासणार?"

"मी येईन की."

आठवलं होतं का त्यांना? सगळं, की तेवढंच एक वाक्य? विचारलं नाही. परतीचे ११ कि.मी. वारा पाठीवर होता, तरी जाणवला नाही.

२३ मे, रवि.

काल आणखी १८, लेव्हिट्सटाउनच्या पुढे. इरा बरोबर आली, कुरकुरत. दारं तिने मोजली आणि फोनवर सांगितलं. "फोर, आजोबा. चार. आय काउंटेड देम मायसेल्फ."

"साक्षीदार आहे," बाबा म्हणाले. तरी पेन्सिलच.

घरी येताना गाडीत इराने विचारलं की आजोबांना आता काय वाटतं, आपण कुठे आहोत. मला माहीत नाही म्हटलं. हे उत्तर मला नोव्हेंबरात का जमलं नाही?

५ जून, शनि.

मागच्या वर्षी याच दिवशी विमान होतं. पासपोर्ट काढून पाहिला. व्हिसा कोरा करकरीत.

२४ कि.मी., कार्लोच्या अलीकडे. गुडघा परत. घरी येऊन चहा केला तेवढ्यात आईने फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं: 'सकाळपासून लागलेत. जेवायलासुद्धा उठवावं लागलं.' त्यात तक्रार नव्हती.

जुना ट्रेसिंग पेपर, भोकासकट. काजार्कच्या पुढे उरलेली लोत अजून काळी, त्याच्या मागे नुसते ओरखडे, उजेडात पांढुरके दिसणारे. आणि वरच्या कडेला टेपने जोडलेला नवा कागद. त्यावर बॅरो, पेन्सिलीत. बारीक, नीट, प्रत्येक हौदाशी 'दारे ४'. ती खाली येते, कागदाचा सांधा ओलांडते, फ्रान्समध्ये शिरते आणि भोकाच्या काठावर थांबते.

फोन केला. पहिल्याच घंटीला उचलला.

"हां, वसू. एक अडलंय. ही तुझी बॅरो लोतला नक्की कुठे मिळते? इथे कागद फाटलाय, दिसत नाही."

मागे आईचा श्वास ऐकू येत होता. इरा समोर बसली होती, बिस्किट हातात, खायचं थांबून.

मध्ये समुद्र आहे, बाबा. एवढंच वाक्य. तोंडात तयार होतं.

"बघून सांगते," म्हटलं.

"घाई नको. मोजून ये."

"हो."

इराने बिस्किट चहात बुडवलं, माझ्याकडे न बघता. मी उठून शेडमध्ये गेले आणि मागच्या चाकात हवा भरली. उद्या कोरडं राहणार म्हणतात.